फ्रँकेन्स्टाइन शिकवताना : राक्षस नेमका कोण?



आठवी-नववीपासून पुढच्या मुलांना भयकथा किती आवडतात हे तुम्हाला सांगायला नको. वर्गात ‘मुंज्या’ किंवा ‘तुंबाड’ हे नाव नुसतं घेतलं तरी शेवटच्या बाकावरची मुलं सरसावून बसतात. या आवडीचा फायदा घेऊन मी मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी वर्गात घेते. अख्खी नाही. चार-पाच प्रसंग मराठीत सांगायचे, मध्ये थांबून बोलायचं आणि शेवटी एक प्रश्न लिहायला द्यायचा : माणूस मुळात वाईट असतो की समाज त्याला वाईट बनवतो?

उत्तर ठरलेलं येतं. ‘समाजाने त्याला राक्षस बनवलं.’ गाईडमध्ये हेच असतं, इंटरनेटवर हेच असतं आणि परीक्षेत याला पूर्ण गुणही मिळतात. हे उत्तर चूक नाही, पण अर्धं आहे. आणि तेवढ्यावर थांबलं तर त्यातून एक धोकादायक अर्थ निघतो. आजचा लेख त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण मुलं विचारतात. ‘गॉथिक’ हा शब्द मूळचा युरोपातल्या जुन्या चर्च आणि किल्ल्यांच्या बांधकामशैलीचा. १७६४ मध्ये होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने ‘कॅसल ऑफ ओट्रँटो’ लिहिली आणि अशा पडक्या किल्ल्यांत घडणाऱ्या भीतीच्या गोष्टींना हेच नाव पडलं. आपल्याकडे पडका वाडा, आड आणि पिंपळ जे काम करतात, ते तिकडे किल्ला, तळघर आणि वादळ करतात. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी ही परंपरा घराघरात पोचवली. मतकरींच्या कथेत तर वाडाही लागत नाही, मध्यमवर्गीय घरातल्या दोन खोल्या पुरतात.

मेरी शेलीने ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती अठरा वर्षांची होती. साल १८१६. आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला होता, त्याच्या राखेमुळे युरोपात त्या वर्षी उन्हाळा असा झालाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी सुट्टीला गेलेली ही मंडळी पावसामुळे घरात अडकली आणि वेळ घालवायला प्रत्येकाने एक भुताची गोष्ट रचायची असं ठरलं. त्यातून हे पुस्तक आलं. ते प्रसिद्ध झालं १ जानेवारी १८१८ रोजी, लेखिकेच्या नावाशिवाय. तारीख ओळखीची वाटली ना? त्याच दिवशी इकडे भीमा कोरेगावची लढाई झाली. निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही अर्थ काढू नये. पण मुलांना हा काळ डोळ्यांपुढे आणायला या तारखेचा चांगला उपयोग होतो.

आणखी एक गोष्ट मी आवर्जून सांगते. मेरीची आई, मेरी वुलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवर लिहिणारी मोठी विचारवंत होती. मुलीच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी ती गेली. आपल्याकडच्या समजुतीत बाळंतपणात गेलेल्या बाईची अळवंतीण होते. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मुलगा गेला की त्याचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो. म्हणजे भूत कोणाचं व्हायचं हेसुद्धा समाज ठरवतो. ज्याचं आयुष्य समाजाने आखलेल्या वाटेवर पुरं झालं नाही, त्याचं भूत! वर्गात हा मुद्दा निघाला की मुलं आपापल्या गावची भुतं घेऊन येतात आणि तासाची घंटा होते. होऊ द्यावी.

आता गोष्टीकडे वळू. एक खुलासा आधीच करून टाका : फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचं नाव नाही, त्याला घडवणाऱ्या व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन या विद्यार्थ्याचं आडनाव आहे. त्याने घडवलेल्या जिवाला संपूर्ण पुस्तकात नावच नाही. नोव्हेंबरच्या एका रात्री तो डोळे उघडतो. व्हिक्टर त्याच्याकडे बघतो आणि किळस येऊन पळून जातो. पुढे तो जीव व्हिक्टरच्या पलंगापाशी येतो, काहीतरी पुटपुटतो, हात पुढे करतो. व्हिक्टर पुन्हा पळतो. आपल्याकडे बाराव्या दिवशी बारसं करतात, आत्या कानात नाव सांगते. इथे बाप पळालेला आणि नाव कोणी ठेवलेलंच नाही. मी या ठिकाणी थांबते आणि विचारते, ‘आतापर्यंत त्याने काय वाईट केलंय?’ वर्ग गप्प होतो, कारण त्याने काहीच केलेलं नसतं.

पुढचा भाग या कादंबरीचा गाभा आहे. घाई असेल तर बाकीचं सगळं गाळा, पण हा भाग नीट सांगा.

हा बिननावाचा जीव रानावनात भटकत एका झोपडीपाशी येतो आणि तिला लागून असलेल्या गोठ्यासारख्या खोपटात लपून राहतो. मधल्या भिंतीला एक फट आहे. त्या फटीतून त्याला डी लेसी कुटुंब दिसतं : आंधळे म्हातारे वडील, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा. पुढे फेलिक्सची प्रेयसी सफी तिथे येते. ती परदेशी आहे, तिला त्यांची भाषा येत नाही. फेलिक्स तिला शिकवतो आणि भिंतीपलीकडे हाही शिकतो. प्रवेश न मिळालेला, पटावर नाव नसलेला, बाहेरून ऐकून शिकणारा विद्यार्थी! आपल्या मुलांना इथे एकलव्य आठवतो. आठवला तर छान, त्यावरही बोला. तो वाचायलाही शिकतो आणि पुढे त्याच्या हाती मिल्टन, प्लुटार्क आणि गटे यांची पुस्तकं लागतात.

तो सुरुवातीला त्यांच्या घरातलं खाणं चोरतो. पण हे लोक स्वतःच अर्धपोटी राहतात हे लक्षात आल्यावर चोरी बंद करतो आणि रानातली फळं-मुळं खातो. रात्री फेलिक्सची हत्यारं घेऊन लाकडं फोडतो आणि दारात रचून ठेवतो, वाटेवरचा बर्फ बाजूला करतो. घरातल्यांना वाटतं, कोणी चांगली अदृश्य शक्ती आपल्याला मदत करतेय. काम आवडतं, काम करणारा दिसता कामा नये. ही ओळ फळ्यावर लिहून ठेवा आणि मुलांना घरी जाऊन सोसायटीतला कचरा कोण उचलतं, त्याचं नाव काय, हे विचारून यायला सांगा. किती मुलांना नाव माहीत असतं ते बघा.

शेवटी तो धीर करतो. घरात म्हातारे एकटेच असताना आत जातो. ते आंधळे आहेत, त्यामुळे त्यांना त्याचा चेहरा दिसत नाही, फक्त बोलणं ऐकू येतं. ते त्याला बसवून घेतात, प्रेमाने बोलतात. इतक्यात बाकीचे परततात. फेलिक्स धावत येतो, म्हाताऱ्यांच्या पायांना बिलगलेल्या त्या जिवाला ओढून काढतो आणि काठीने मारत सुटतो. हा जीव आठ फुटी आहे. मनात आणलं असतं तर फेलिक्सचे तुकडे केले असते, असं तो स्वतःच सांगतो. पण तो हात उचलत नाही. मार खातो आणि निघून जातो.

आता सगळे वाचक त्या जिवाकडे बघतात, त्याच्याबद्दल हळहळतात. माझं म्हणणं आहे, फेलिक्सकडे बघा.

हा फेलिक्स कोण? पॅरिसमध्ये एका तुर्की व्यापाऱ्याला त्याच्या धर्मामुळे आणि संपत्तीमुळे अन्यायाने देहदंड सुनावला गेला होता. फेलिक्सचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. केवळ अन्याय सहन झाला नाही म्हणून त्याने स्वतःचा जीव धोक्यात घालून त्याला तुरुंगातून पळवलं. शिक्षा म्हणून घरदार जप्त झालं, बाप तुरुंगात गेला, सगळे देशोधडीला लागले. हे लोक त्या झोपडीत गरिबीत राहतात ते या कारणाने. सफी ही त्याच व्यापाऱ्याची मुलगी. म्हणजे फेलिक्स हा पुस्तकातला सर्वांत भला माणूस म्हणावा असा आहे. परधर्मीयासाठी उभा राहिलेला, स्वतः हद्दपारी भोगलेला. आणि काठी त्याच्याच हातात आहे.

मेरी शेलीचं मोठेपण मला इथे वाटतं. काठी तिने एखाद्या गावगुंडाच्या हाती दिली असती तर गोष्ट सोपी झाली असती. वाईट माणसाने वाईट केलं, विषय संपला. पण मग ‘माणसाचा स्वभाव’ या विषयावर त्या गोष्टीने आपल्याला काही शिकवलं नसतं. फेलिक्सला तुम्ही विचारलं असतं तर त्याने शपथेवर सांगितलं असतं की मी वडिलांना वाचवत होतो. आणि ते खोटंही नव्हतं.

आपल्या भाषेत याला एक नेमका शब्द आहे : वाळीत टाकणं. इंग्रजीतून हा धडा शिकवणाऱ्यांनीसुद्धा हा शब्द वापरावा, कारण तो ऐकला की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर पाणवठा, लग्नातली पंगत, किराणा दुकान, अंत्ययात्रेला खांदा द्यायला न आलेले भाऊबंद असं सगळं उभं राहतं. आणि वाळीत टाकण्याचं एक वैशिष्ट्य आहे. ते कधीच एका दुष्ट माणसाचं काम नसतं. त्याला सगळं गाव लागतं, आणि गावात बहुतेक जण बरेच असतात.

हे जुन्या काळाचं आहे असं मुलांना वाटतं. तेव्हा आपल्या नाशिकचंच सांगा. २०१३ मध्ये आपल्या शहरात जातीबाहेर लग्न केलेल्या एका गर्भवती मुलीचा तिच्या वडिलांनीच खून केला. त्यामागच्या जातपंचायतीच्या दडपणाची चर्चा झाली आणि त्यातून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं ‘जातपंचायतीला मूठमाती’ हे अभियान नाशिकमधून सुरू झालं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हयातीतलं हे शेवटच्या काळातलं काम. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. पुढे २०१६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो जुलै २०१७ मध्ये लागू झाला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या कादंबरीतला गुन्हा आपल्या कायद्याच्या पुस्तकात यायला आपल्या मुलांचा जन्म व्हावा लागला.

कादंबरीत याला जोडून एक छोटं पात्र आहे, जस्टीन. फ्रँकेन्स्टाइनच्या घरात वाढलेली, मोलकरणीचं काम करणारी गरीब मुलगी. त्या बिननावाच्या जिवाने व्हिक्टरच्या लहान भावाचा खून केला आणि आळ आला जस्टीनवर. ती निर्दोष आहे, तरी गुन्हा कबूल करते. का? तिचा धर्मगुरू तिला सतत धमकावतो की कबूल केलं नाहीस तर धर्माबाहेर टाकू, नरकात जाशील. शेवटी तिला स्वतःलाच वाटायला लागतं की आपण खरंच तशा राक्षसी आहोत की काय. तिला फाशी होते. ‘समाजाचा प्रभाव’ हा मुद्दा समजवायला मला या प्रसंगाहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. जस्टीनचा चेहरा चांगला होता, स्वभाव चांगला होता, तरी चार लोकांनी ठरवल्यावर तिच्या तोंडून खोटं वदवता आलं. सिनेमावाले मात्र विजेचे लोळ दाखवण्यात वेळ घालवतात आणि या पोरीकडे त्यांचं फारसं लक्ष जात नाही!

आता त्या धोकादायक अर्थाकडे येते. एका पालकसभेत या धड्याविषयी बोलणं निघालं. एक बाबा म्हणाले, ‘‘मॅडम, म्हणूनच मी आमच्या पोराला सांगतो, जो मुलगा एकटा-एकटा असतो ना, त्याच्यापासून जरा लांबच राहा. अशी मुलं कधी काय करतील नेम नाही.’’ दोन-तीन पालकांनी माना डोलावल्या. गृहस्थ वाईट नव्हते, मुलाच्या काळजीनेच बोलत होते. पण बघा काय झालं. ‘वाळीत टाकलेला माणूस राक्षस होतो’ हे वाक्य त्यांनी ऐकलं आणि त्यातून निष्कर्ष काढला की वाळीत पडलेल्याला आणखी लांब ठेवा. फेलिक्सने हेच तर केलं होतं. आपलं ठरलेलं अर्धं उत्तर असं उलटतं.

म्हणून दुसरं अर्धं शिकवायला हवं : वाळीत टाकलेला प्रत्येक माणूस राक्षस होत नाही. आणि याचा पुरावा आपल्याला लांब शोधायला नको, त्र्यंबकेश्वरला मिळतो.

निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकला आहे, पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते, दिंड्या येतात. नाशिकच्या मुलांना हे पाठ असतं. पण निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई ही चार भावंडं वाळीत टाकलेली मुलं होती, हे त्या दृष्टीने कधी बघितलेलं नसतं. परंपरा सांगते ती गोष्ट अशी : वडिलांनी संन्यास घेतला, मग गुरूंच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, म्हणून मुलं ‘संन्याशाची पोरं’ ठरली. मुंज नाही, भिक्षा नाही. आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं गेलं आणि त्यांनी ते घेतलं. मुलं अनाथ झाली. एकदा लोकांच्या वागण्याने उद्विग्न होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. तेव्हा धाकट्या मुक्ताईने बाहेरून त्यांना समजावलं, दार उघडायला लावलं. ते ताटीचे अभंग आपण सगळे ऐकतो.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. इकडे एक हुशार, संवेदनशील, बिनआईबापाचा जीव, भिंतीपलीकडे लपलेला. तिकडे एक हुशार, संवेदनशील, बिनआईबापाचा मुलगा, ताटीआड बसलेला. एक बाहेर पडतो तो सूड घ्यायला. दुसऱ्याने शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण केली आणि शेवटी पसायदान मागितलं. त्यात दुष्टांचा नाश व्हावा असं मागणं नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा असं आहे. आपण हे रोज प्रार्थनेला म्हणून घेतो. ज्याच्या आईबापांना समाजाने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं त्याने हे मागितलं, हे मुलांना एकदा तरी सांगा.

फरक कशामुळे पडला? ‘ते संत होते’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. संत होते म्हणून असं वागले की असं वागले म्हणून संत झाले, हा वेगळा वाद. मला दिसतो तो साधा फरक असा की ज्ञानदेवांना मुक्ताई होती. दाराबाहेर उभं राहून ‘उघड’ म्हणणारं एक माणूस. शेलीच्या त्या जिवाला तेवढंच हवं होतं. पुढे तो व्हिक्टरला भेटतो तेव्हा राज्य मागत नाही, संपत्ती मागत नाही. माझ्यासारखी एक जोडीदारीण घडवून दे, आम्ही दोघं माणसांपासून दूर निघून जाऊ, एवढंच म्हणतो. व्हिक्टर तिला घडवायला घेतो आणि अर्ध्यावर तिचे तुकडे करून टाकतो. त्याच्या बाजूनेही कारणं आहेत, ती मोठ्या मुलांशी जरूर बोला. दोघांची संतती जन्मली तर काय, हा त्याचा प्रश्न अगदीच फालतू नाही.

आणखी एक उदाहरण, पंचवटीतलं. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड इथले खंदे कार्यकर्ते. दारं बंद झाली आणि सत्याग्रही दारांपाशी बसले. रामनवमीच्या रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली. तरी लढा १९३५ पर्यंत चालला आणि त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. हे उदाहरण देताना शिक्षकांनी जपून बोलावं. तुलना राक्षसाशी नाही, ती चुकूनही तशी होता कामा नये. तुलना आहे बंद दाराची आणि आतल्या माणसांची. बाहेर बसलेले लोक शिस्तीत होते, दगड दुसऱ्या बाजूने आले. मग माणसाच्या स्वभावातलं रानटीपण कोणाच्या वाट्याला आलं? फेलिक्सच्याच ना? आणि बाहेरचे लोक एकेकटे नव्हते. ते हजारोंनी एकत्र होते, त्यांना नेता होता, विचार होता. मूर्तीची पूजा करायला मिळावी यापेक्षा आपल्या लोकांना आपल्या स्थितीची जाणीव व्हावी म्हणून हा सत्याग्रह होता, असं बाबासाहेबांनी नंतर दादासाहेबांना स्पष्ट कळवलं होतं.

म्हणजे समाज माणसाला बाहेर काढतो हे खरं. त्यानंतर माणसाचं काय होतं हे बरंचसं त्याच्यासोबत कोणी उभं आहे का यावर ठरतं. शेलीच्या पुस्तकात उभं राहणारं कोणी नाही. तरीही त्या जिवाने केलेले खून माफ होत नाहीत, हेही मुलांना स्पष्ट सांगावं. व्हिक्टरचा लहानगा भाऊ विल्यम याने त्याचं काय बिघडवलं होतं? दुःख हे कारण असतं, परवाना नसतो. तो स्वतः शेवटी व्हिक्टरच्या मृतदेहापाशी रडतो आणि स्वतःचीच किळस करतो. त्याला हे कळलेलं आहे, आपल्याच काही वाचकांना कळत नाही.

मोठ्या वर्गांसाठी दुसरं पुस्तक घ्यायचं तर स्टीव्हन्सनचं ‘डॉ. जेकिल आणि मि. हाइड’ घ्या, १८८६ चं. फ्रँकेन्स्टाइनचा विषय वाळीत टाकणं हा असेल, तर जेकिलचा विषय ‘लोक काय म्हणतील’ हा आहे. या तीन शब्दांत मराठी माणसाला अख्खी कादंबरी समजते. डॉ. जेकिल मान्यवर आहे, श्रीमंत आहे, दानधर्म करतो. त्याला काही चैनी करायच्या असतात, पण समाजात मान ताठ ठेवूनच चालायचं असतं. त्या चैनी इतर कोणी उघडपणे केल्या असत्या, अशाच होत्या असं तो स्वतः म्हणतो. पण प्रतिष्ठेपायी त्याने त्या लपवल्या आणि लपवता-लपवता एक दुसरा माणूसच तयार झाला. औषध घेतलं की तो हाइड होतो. हाइड अंगाने लहान, खुजा आहे, कारण जेकिलची ती बाजू आयुष्यभर दाबलेली, कमी वाढलेली.

इथेही लोक हाइडकडेच बघतात. पण मुलांना विचारा, जेकिलने ‘मी असाही आहे’ असं एखाद्या मित्राला वेळीच सांगितलं असतं तर? अटरसन नावाचा त्याचा वकील मित्र खरोखर मदत करायला तयार होता. पालकांनी हा प्रश्न स्वतःलाही विचारावा. घरात मार्क, वागणूक, नातेवाइकांसमोरची छबी सगळं चकाचक असलेलं मूल मोबाइलमध्ये दुसऱ्या नावाने खातं उघडतं, तेव्हा त्याला ते दुसरं नाव कशासाठी लागलं? मोबाइल काढून घेणं हे उत्तर सोपं आहे, त्याने हाइड जात नाही.

‘ड्रॅक्युला’बद्दल मला विचारतात. १८९७ ची ती कादंबरी वाचायला थरारक आहे, पण परदेशातून आलेला तो संकटच, अशी तिची मांडणी आहे आणि ड्रॅक्युलाला स्वतःची बाजू मांडायला पानच मिळत नाही. सगळं पुस्तक त्याच्या शत्रूंच्या डायऱ्या आणि पत्रं. लहान वर्गात हे नीट उलगडता येत नाही, म्हणून मी घेत नाही.

वर्गात घ्यायचं कसं, याबद्दल थोडंसं. दोन तासिका पुरतात. पहिलीत जन्माचा प्रसंग आणि झोपडीचा प्रसंग सांगा, आणि काठी उचलली तिथे थांबा. फेलिक्सची आधीची गोष्ट तेव्हा सांगू नका. मुलांना फेलिक्सबद्दल मत लिहायला सांगा. ती त्याला शिव्याच घालतात. दुसऱ्या तासिकेला तुर्की व्यापाऱ्याची हकिगत सांगा आणि तीच मुलं काय लिहितात बघा. वर्ग अस्वस्थ होतो, कारण आता फेलिक्स आपल्यासारखा दिसायला लागतो. मग विचारा : आपल्या वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून कोणाला काढलंय का? सहलीच्या बसमध्ये कोणाच्या शेजारची जागा रिकामी राहते? नावं मोठ्याने घ्यायला लावू नका, कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद फक्त तुम्हीच वाचा. मी हे केलं तेव्हा पस्तीसपैकी बऱ्याच कागदांवर एकच नाव होतं. त्या मुलाला मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी गटकामात त्याच्या गटात कोणाला बसवायचं एवढं मात्र ठरवून गेले. त्यासाठी मी वर्गातली सर्वांत हुशार मुलगी निवडली नाही. जी बडबडी आहे आणि कोणालाही ‘ए, सरक ना तिकडे’ म्हणून बसते, तिला निवडलं.

पुस्तक विकत घेताना एक काळजी घ्या. मूळ कादंबरीच्या १८१८ आणि १८३१ अशा दोन आवृत्त्या आहेत, वर्गासाठी कोणतीही चालेल. १८३१ च्या आवृत्तीत जस्टीनचा खटला आठव्या प्रकरणात आहे, झोपडीचा सगळा भाग अकराव्यापासून पुढे, आणि काठीचा प्रसंग पंधराव्यात. मुलांसाठीच्या संक्षिप्त पुस्तकांत मात्र सफी आणि तिच्या वडिलांचं प्रकरण गाळलेलं असू शकतं, कारण त्यात भीतीदायक काही घडत नाही. दुकानात उभ्या-उभ्या चाळून बघा. ते प्रकरण नसेल तर ती प्रत घेऊ नका, किंवा घेतलीत तर तेवढा भाग तुम्ही तोंडी सांगा.